सतरा माणसं, सात केबिन

"सगळ्यात वरचा मजला, सगळ्यात पुढं, सात खोल्या एका लाइनीत. बाल्कनीसकट," बाळासाहेब म्हणाले आणि मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला.

मोबाईलवर जहाजाचा फोटो होता. जहाजाच्या नाकाजवळ, अगदी वरच्या बाल्कन्यांभोवती त्यांनी बोटानं लाल गोल काढला होता. ठरवायचं काम झालेलं होतं. माझ्याकडं फक्त ते घडवून आणायचं काम आलं होतं.

बीडला माझं टूर्सचं ऑफिस आहे. तिरुपती, चारधाम, विमानाची तिकिटं, लग्नानंतरचं मनाली, हे आमचं रोजचं पीक. समुद्र हा आमच्या जिल्ह्याचा विषय नाही. त्यामुळं क्रूझसाठी गिऱ्हाईक आलं तेव्हा मी मनातून खूश झाले, आणि लाल गोल बघून तितकीच सावध झाले.

बाळासाहेब म्हणजे गेवराईच्या आबांचे मधले चिरंजीव. आबा जिल्हा परिषदेत होते. त्यांना पद सोडून बरीच वर्षं झाली, पण पदानं त्यांना अजून सोडलेलं नाही. त्यांची पंचाहत्तरी होती. कार्यकर्त्यांचा बेत नेहमीचा होता: मंडप, गूळतुला, चांदीचा रथ. आबांनी तो मोडला. म्हणाले, माझे तीन सत्कार झाले, तिन्ही वेळा पोरं स्टेजवर पुढाऱ्यांच्या मागं उभी होती आणि नातवंडं मंडपाच्या टोकाला धूळ खात होती. यंदा सगळं घर एका जागी पाहिजे. कुणाला फोन आला म्हणून उठून जाता येणार नाही अशा जागी. अशी जागा फक्त समुद्रात असते, हा शोध कुण्या नातवानं लावला आणि मुंबईहून निघणारं जहाज ठरलं.

बाळासाहेबांना लाइनीत बाल्कन्या कशाला हव्या होत्या, तेही त्यांनी सांगून टाकलं. सगळ्या घरानं एकाच रंगाचे फेटे बांधून आपापल्या बाल्कनीत उभं राहायचं आणि किनाऱ्यावरून एकानं फोटो घ्यायचा. फोटो गेवराईच्या चौकात फ्लेक्सवर लागणार होता.

मी आधी माणसं विचारली. दहा मोठे, पाच लेकरं, असं ते म्हणाले. नावं लिहून घेतली. मग सवयीनं विचारलं, "आणि कडेवरची?"

"ती दोन. ती काय मोजायची, मॅडम? मांडीवर बसतेत."

हा आमच्याकडचा हिशेब. एसटीनं तो पिढ्यान्‌पिढ्या पक्का केलाय. कडेवरचं लेकरू म्हणजे सामान, आणि बारा वर्षांचं पोरगं वाहकासमोर चार वर्षं अकराच असतं. जहाजावर तसं नसतं. तिथं तान्ह्या बाळालाही स्वतःचं लाइफ जॅकेट लागतं आणि संकटकाळच्या होडीत स्वतःची जागा लागते. म्हणून तिघांच्या केबिनमध्ये मांडीवरचं चौथं चालत नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ तर जहाजाची कंपनी घेतच नाही. सुदैवानं धाकटं आठ महिन्यांचं निघालं. पंधराचे सतरा झाले.

मग मी पुढचं सांगितलं. जहाज पाळण्यासारखं हलतं. पाळण्याचा मधला भाग कमी हलतो, टोकं जास्त. आणि जितकं वर, तितकं झुलणं मोठं. सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढं म्हणजे नेमकी सगळ्यात हलणारी जागा. एजंट लोकांना कंपनी एकदा फुकट फिरवून आणते, त्या फेरीत मला तशीच केबिन मिळाली होती. समुद्रदर्शनाचा माझा बराचसा वेळ बाथरूममध्ये गेला. हेही मी सांगितलं.

"आमची माणसं चिवट हायेत," बाळासाहेब म्हणाले. "तुमी होल्ड टाका."

होल्ड म्हणजे कंपनी काही दिवस केबिन आपल्यासाठी राखून ठेवते. मुदत संपली की त्या दुसऱ्याला जातात. मी होल्ड टाकला. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा तो जागा हातात घेऊन घालावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. बाईचा आवाज होता, दबका. गेवराईहून आबांची धाकटी सून बोलतेय म्हणाली. नाव स्वाती.

"मॅडम, त्या बाल्कनीचा कठडा किती उंच असतो?"

मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत, मी म्हणाले. काचेचा असतो, मजबूत असतो. लेकरू सहजासहजी जात नाही.

"आन्‌ तिथं खुर्ची असती का?"

दोन खुर्च्या असतात आणि एक छोटं टेबल, असं मी खरं ते सांगितलं.

मग तिनं सांगितलं. तिचा रुद्र चार वर्षांचा. चढतो. कशावरही चढतो. गेल्या महिन्यात गव्हाणीवरून गोठ्याच्या पत्र्यावर गेला आणि तिथून खाली आला, तो हात मोडूनच. अजून प्लास्टर होतं. प्लास्टरसकट परवा तो पाण्याच्या टाकीच्या शिडीवर सापडला.

"घरात सांगितलं का?"

"सांगितलं. हे म्हणले, तू जीवाला लई घोर लावून घेतेस. आबांना कोन सांगावं? त्यांच्या घरातली पोरं चढणारीच असतेत, ह्याचं त्यांना कौतुक." मग ती म्हणाली, "मी ठरवलंय. माझ्या आईला बरं न्हाई म्हणून सांगते. मी आन्‌ रुद्र न्हाई येत. पन आबांनी सगळ्यांसाठी काढलंय हे, म्हणून एकदा इचारलं. माझं नाव तेवढं येऊ देऊ नका."

फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता ही केबिनची निवड राहिलेली नाही. सगळं घर एका जागी, एवढ्या एकाच गोष्टीसाठी आबा समुद्रावर निघाले होते. आणि त्या घरातली दोन माणसं एका खुर्चीमुळं गळत होती.

मी बाळासाहेबांना फोन केला. स्वातीचं नाव न घेता मी त्यांना सांगितलं की लहान मुलांसाठी इनसाइड केबिन चांगल्या. इनसाइड म्हणजे जहाजाच्या पोटातली खोली. बाल्कनी नाही, खिडकीसुद्धा नाही. पलंग, कपाट, बाथरूम तसंच. पॅसेजच्या एका बाजूला बाल्कनीवाल्या खोल्या असतात आणि समोरच्या बाजूला या.

बाळासाहेब हसले. "मॅडम, आबांच्या नातवंडांला बिनखिडकीच्या कोठडीत टाकू? तालुक्यात काय तोंड दाखवू? आन्‌ बाल्कनीच्या दाराला कडी असतीच की."

कडी असते. वर असते, हेही खरं. पण चार दिवस सात खोल्यांत सतरा माणसं ये-जा करणार, त्यातला कोण कधी कडी लावायची विसरेल याची हमी कंपनी देत नाही आणि मीही देणार नव्हते. ते मी बोलले. बाळासाहेब म्हणाले, आबांशी बोला.

म्हणून मी गेवराईला गेले. जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे एकेका मजल्याचा नकाशा, मोठ्या कागदावर छापून घेतला होता.

आबा शेतातल्या घराच्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी, आक्का. समोर चार-पाच कार्यकर्ते, ज्यांना समुद्राबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. एकजण म्हणत होता की कॅप्टन पुढं बसतो, तर आबांची खोली कॅप्टनच्या बरोबरीनं पाहिजे. दुसऱ्यानं मान हलवली. जहाजालाही ते व्यासपीठ समजत होते. स्वाती चहा घेऊन आली, माझ्यापुढं कप ठेवला आणि माझ्याकडं न बघता आत गेली. तिच्या मागं प्लास्टरवाला रुद्र आला आणि बघता बघता ओसरीच्या खांबाला एका हातानं बिलगून वर सरकू लागला. आक्कांनी न बघता हात लांब करून त्याला चड्डीला धरून खाली ओढलं आणि बोलणं चालू ठेवलं.

ते बघितलं आणि घरून पाठ करून आणलेलं भाषण मी सोडून दिलं. सुरक्षितता, समुद्राचं झुलणं, वजनाचा मध्यबिंदू, सगळं. आबांना मी वेगळंच विचारलं.

"आबा, तुम्ही दरवर्षी कपिलधारच्या यात्रेला मुक्कामाला जाता ना? तिथं सगळं घर झोपतं कसं?"

आबांचा चेहरा एकदम बदलला. सत्काराला असतो तो गेला आणि शेतकऱ्याचा आला.

"ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या लावायच्या, ताई. वाऱ्याच्या अंगाला. वारं आडवून. मधी ताडपत्री. बायका-लेकरं मधी. बाप्ये कडंनं."

"बापे मध्ये का नाही?"

"कावून म्हंजे? भाईरून काय आलं तर आधी आमाला लागावं. आन्‌ आतलं पोरगं भाईर चाललं तर कुनाच्या तरी अंगावर पाय पडल्याबिगर जाऊ ने."

"आन्‌ वाटंच्या तोंडाला मी," आक्का म्हणाल्या. "हे घोरतेत. ह्यांच्यावरनं बैल गेला तरी कळायचं न्हाई."

कार्यकर्ते हसायचं की नाही ते ठरवण्यासाठी आबांकडं बघू लागले. आबा स्वतः हसले, मग तेही हसले.

मी डेक प्लॅन ओसरीवर पसरला. "हे जहाज. हे तोंड, इकडून वारा येतो. आता लावा तुमच्या ट्रॉल्या."

आबा पुढं सरकले. आधी त्यांनी तोंडाकडचा भाग तळहातानं झाकला. "हितं न्हाई. वाऱ्यात कोन झोपतंय?" एवढ्या एका वाक्यात बाळासाहेबांचा लाल गोल मिटला. मग त्यांनी मला वरच्या मजल्यावर काय आहे विचारलं. स्विमिंग पूल, मी म्हणाले, आणि पहाटेपासून खुर्च्या सरकवण्याचा आवाज. मग खालचा बघू, ते म्हणाले. जहाजाच्या मधोमध बोट टेकवलं. एजंट लोक ज्याला मिडशिप म्हणतात, कोर्समध्ये ज्याच्यावर अख्खा धडा असतो, ती जागा.

"ह्या दोन रांगा कसल्या?"

बाहेरच्या रांगेला बाल्कनी, आतल्या रांगेला खिडकी नाही, मी म्हणाले. मध्ये पॅसेज. यापुढं एक शब्द बोलले नाही. इतकी वर्षं धंदा करून मला गप्प बसायची नेमकी वेळ तेवढी कळते.

आबांनी फोडलेल्या शेंगांचे दाणे उचलले. सात दाणे, म्हणजे लेकरं, आतल्या रांगेत. चार शेंगा सुनांच्या आणि लेकीच्या, त्यांच्याच शेजारी. चंचीतल्या पाच सुपाऱ्या, म्हणजे बाप्ये, बाहेरच्या रांगेला. मग थांबून आक्कांची शेंग हातात धरून त्यांनी आक्कांकडं बघितलं.

"तू?"

"मी ह्या पोराजवळ," आक्का म्हणाल्या आणि खांबाकडं हनुवटी केली. रुद्र परत वर चालला होता. "ह्याची माय रातभर जागी असती. मला दिसतंय."

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. मी नकाशाकडं बघत राहिले.

बाळासाहेबांनी शेवटचा प्रयत्न केला. "आबा, पन त्या खोल्यांला खिडकी न्हाई."

"ताडपत्रीला कंदी होती बे?" आबा म्हणाले.

एकच मुद्दा उरला. पाच पुरुष, तीन बाल्कनी केबिन. आबांबरोबर बाळासाहेब, थोरल्याबरोबर धाकटे, आणि जावयाला एकट्याला अख्खी खोली, कारण जावई. इथं मी कोणतंही शास्त्र पुढं केलं नाही.

परतीच्या वाटेवर मी खूशच होते. फक्त एवढंच बाकी होतं की आबांनी मांडलेलं जहाज कंपनीकडं शिल्लक असायला हवं होतं. ते नव्हतं.

मला बायका-मुलांसाठी कनेक्टिंग केबिनच्या दोन जोड्या हव्या होत्या. कनेक्टिंग म्हणजे दोन खोल्यांमध्ये आतून दार असतं, पॅसेजमध्ये न जाता इकडून तिकडं जाता येतं. शेजारच्या खोल्या वेगळ्या आणि कनेक्टिंग वेगळ्या, यात भलेभले फसतात. कंपनीच्या मुंबईच्या ग्रुप डेस्कला, म्हणजे गटांची बुकिंग बघणाऱ्यांना, फोन लावला.

"मॅम, मिडशिपला एकच कनेक्टिंग पेअर आहे. दुसरी फॉरवर्डला, म्हणजे पुढच्या टोकाला मिळेल," तिकडचा तरुण म्हणाला.

"शेजारची पेअर कुणाकडं आहे?"

"मॅम, दॅट्स बुक्ड. दोन वेगवेगळी कपल्स आहेत."

"एकमेकांना ओळखतात का?"

त्यानं बघितलं. बुकिंग वेगळी, गावं वेगळी.

"म्हणजे दोन अनोळखी जोडपी मधल्या दाराच्या दोन बाजूंना झोपणार आहेत. आवाज पातळ दारातून जातो, भिंतीतून कमी जातो. त्यांना त्याच मजल्यावर, त्याच कॅटेगरीत साधी केबिन दिली तर ते तुम्हाला धन्यवाद देतील."

"मॅम, असं कुणी रिक्वेस्ट करत नाही."

"मी करतेय."

त्याला सुपरवायझरला विचारावं लागलं. सुपरवायझरनं मला विचारलं की बीडमधून क्रूझचा ग्रुप कसा काय. मी म्हणाले, रस्त्यानं. शेवटी जोडपी हलली. आमच्या दोन्ही जोड्या लागून आल्या आणि समोर, पॅसेजच्या पलीकडं, तीन बाल्कन्या. मी नकाशावर खुणा केल्या आणि आबांचे शेंगदाणे आठवून पुन्हा तपासल्या. एकही दाणा इकडचा तिकडं झाला नव्हता. बऱ्याच दिवसांनी मी ऑफिसात एकटीच हसले.

वरचे बर्थ मिटलेले ठेवा, असंही डेस्कला कळवलं. इनसाइड केबिनमध्ये तिसऱ्या माणसासाठी भिंतीतून उघडणारा बर्थ असतो आणि त्याला शिडी असते. रुद्रला शिडी दाखवायची मला गरज वाटली नाही. प्रत्येक खोलीत तिसऱ्यासाठी खाली गादी मागितली.

निघायच्या दिवशी चौकात फ्लेक्स लागलाच. आबा, मागं जहाज, खाली कार्यकर्त्यांचे चेहरे. "समुद्र सफरीस हार्दिक शुभेच्छा." समुद्रापासून इतक्या लांब जहाजाचं एवढं मोठं चित्र दुसरीकडं कुठं लागलं असेल असं वाटत नाही.

जहाज सुटल्याच्या दुसऱ्या सकाळी मला कंपनीचा फोन आला. गेस्ट रिलेशन्सची मुलगी होती, काळजीत होती. हाउसकीपिंगच्या माणसाला एक ज्येष्ठ महिला पॅसेजमध्ये, केबिनच्या दाराला लागून जमिनीवर आडवी दिसली. त्यानं मेडिकल इमर्जन्सी कळवली. डॉक्टर धावत आले. महिलेनं डॉक्टरला वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं.

"मॅम, शी इज रिफ्यूजिंग द बेड. बेडमध्ये काही प्रॉब्लेम आहे का?"

"बेड उत्तम असणार," मी म्हणाले. "त्या ड्यूटीवर आहेत. त्यांना एक जास्तीची चादर द्या."

बाकीचं मला मंडळी परत आल्यावर कळलं. आबा पेढे घेऊन ऑफिसला आले होते, बरोबर घर होतं, आणि मोठी माणसं माझ्या टेबलाभोवती बोलत असताना स्वाती खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी समुद्र थोडा उसळला होता. वरच्या मजल्यावरची पुढची मंडळी पिशव्या धरून बसली होती. मधल्या भागात आबांचं घर जेवून आडवं झालं होतं. रुद्रला झोप नव्हती. तो उठला, खोलीचं दार हळूच उघडलं आणि बाहेर पाऊल टाकलं ते आक्कांच्या पोटावर. आक्कांनी डोळे न उघडता त्याचा पाय धरला. त्या वेळी पॅसेजच्या पलीकडचं दार सताड उघडं होतं. जरा आधी बाळासाहेब फोटो काढायला बाल्कनीत गेले होते आणि चांगला अँगल यावा म्हणून खुर्ची कठड्याला लावून तिच्यावर उभे राहिले होते. फेटा समुद्रात गेला म्हणून तो आणायला कुणाला सांगता येईल हे विचारायला ते मग खाली गेले. खुर्ची तिथंच राहिली. बाल्कनीचं दारही उघडंच राहिलं.

"आक्कांनी मला उठवलंबी न्हाई," स्वाती म्हणाली. "त्याचा पाय धरून तशाच झोपल्या. मी उठले तर दिवस मावळला होता. अंधारातच कळंना, सकाळ का रात. ताई, लग्न झाल्यापासून मी दुपारची कंदी झोपले नव्हते."

एवढं सांगून ती पेढ्याच्या पुड्याकडं वळली, कारण रुद्र माझ्या फायलींच्या कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यापर्यंत पोचला होता.

आबा सध्या तालुक्यात सांगत फिरतात की जहाजाचा सगळा आराखडा त्यांनी ओसरीवर बसून केला. कंपनीवाली बाई नुसती कागद धरून बसली होती, म्हणतात. हे शब्दशः खरं आहे आणि माझ्या धंद्यातलं याहून चांगलं प्रशस्तिपत्र मला अजून मिळालेलं नाही. त्यानंतर गेवराईकडून आणखी दोन घरं आली. दोघांनी "आबांसारखं" मागितलं.

क्रूझ विचारायला कुणी आलं की मी आता ब्रोशर नंतर काढते. आधी विचारते, तुमच्याकडं लेकरं कुठं झोपतात आणि दाराशी कोण झोपतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नवरे लगेच देतात. दुसऱ्या प्रश्नाला ते बायकोकडं बघतात. केबिन कुणाला विचारून निवडायच्या, ते मला तिथंच कळतं.